गुण्या आणि गोविंदा

१

कमळाकर मोहितेने सकाळी गॅरेजचं शटर वर ढकललं आणि तो तिथेच मटकन खाली बसला. आत त्याचा मिस्त्री सुभाष भोपी उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवर सहा सिलिंडरचं अख्खं इंजिन होतं.

फौजदार सुरभी कडू पोचली तोवर कोलाड नाक्यावरच्या टपरीत निकाल लागूनही गेला होता. इंजिन लाकडी घोडीवर ठेवलं होतं, घोडी डगमगली, इंजिन कोसळलं, माणूस गेला. ‘आपलीच चूक, दुसऱ्याला काय बोलायचं,’ म्हणत लोकांनी दुसरा कटिंग सांगितला होता. चहाबरोबर लागणाऱ्या असल्या निकालांची सुरभीला मनापासून चीड होती. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून चूक नेहमी त्याच्याच गळ्यात पडते, हे तिने नोकरीत फार वेळा पाहिलं होतं.

तिने गॅरेज नजरेखालून घातलं. वर लोखंडी तुळईला चेन-पुली होती आणि तिचा हूक मोकळा लोंबत होता. भिंतीकडेला घोडी आडवी पडली होती. नवीकोरी, छपरासारख्या त्रिकोणी पाठीची. इंजिन उलटं करून त्याच्या मधली खाच ह्या पाठीवर बसवायची, असा तिचा उपयोग. इंजिन काळ्या तेलाने माखलेलं होतं, घोडीचं लाकूड मात्र पांढरंफटक होतं. सुभाषच्या डोक्यालाही मागून खोक पडली होती. फरशीवर आपटून पडली असेल, असं डॉक्टर म्हणाले.

आणि त्याच्या उजव्या मुठीत एक गुण्या होता. सुतार लाकडाचा कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघतात, तो लोखंडी गुण्या. दांड्यावर खिळ्याने नाव कोरलेलं होतं: आदेश.

“मेकॅनिकच्या हातात सुताराचं हत्यार कशाला, मॅडम?” हवालदार कुजबुजला.

तेवढ्यात सुभाषची बायको स्वप्नाली आली. तिला बायकांनी धरलं होतं, पण ती रडत नव्हती. नवऱ्याच्या मुठीतला गुण्या बघितला तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

“माझी आई ह्यांना आणि माझ्या भावाला ‘गुण्या-गोविंदा’ म्हणून हाक मारायची,” ती म्हणाली. “भावाचं नाव गोविंदा. आणि ह्यांना सगळं मापात लागायचं, म्हणून हे गुण्या.”

गोविंदा म्हात्रे! हे नाव सुरभीला माहीत होतं, सगळ्या पेण-रोह्याला माहीत होतं. पेणच्या एका डॉक्टरांचा ड्रायव्हर. मागच्या दिवाळीआधी तो डॉक्टरांची जर्मन गाडी घेऊन निघाला तो परत आलाच नाही. कागदावर ‘गाडीसह फरार’ अशी नोंद झाली, आणि गावाने तेवढेही शब्द वाया घालवले नाहीत. गाव नुसतं ‘चोर’ म्हणत होतं.

“त्या गाडीचं काम हेच करायचे,” स्वप्नाली डोळे पुसत म्हणाली. “एकदा इंजिनातला आतला बोल्ट तुटला. तसा मिळंना, तर ह्यांनी पितळेचा घडवून बसवला. दादा हसला, म्हणाला, गाडीला सोन्याचा दात बसवलास. माझी आई तेव्हापासून घराबाहेर पडली नाय, मॅडम. चोराची आई म्हणतात तिला. आता म्हणतील, जावई बेफिकीर व्हता. माझ्या घरची दोनी माणसं अशी व्हती काय? तुम्ही सांगा.”

अपघाताचा शिक्का सुरभीने त्या दिवशी मारला नाही, एवढं खरं.

२

जोह्याला आदेश पाटलाच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींमधून वाट काढत जावं लागत होतं. श्रावण लागलेला, त्यामुळे रंगाच्या वासाने डोकं भणाणत होतं. पोलिसांची टोपी बघताच आदेशची पाचावर धारण बसली.

“घोडी माझीच, मॅडम,” तो आपणहून म्हणाला. “आमी मूर्तीचे पाट, सांगाडे बनवतो. सुभाष माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं पुठ्ठ्याचा तिकोन कापून दिला, बोलला, ह्या मापाची पाठ कर. मी तश्शीच केली. परवा पोचवायला गेलो तवा गुण्या थितंच इसरलो. घोडी डगमगली असंल तर... माज्याच हातनं मेला काय तो?”

“नंतर बोलणं झालं तुमचं?”

“व्हय. काल दिवेलागणीला फोन आलता. हितं कंप्रेसरचा आवाज, नीट आयकू येत नव्हतं. बोलला, ‘साठचं नाय रे, नव्वदचं हाय. आता नवीन लागंल. स्वप्नालीला काय बोलू नको, आदी खात्री करतो.’ आन् ठेवला.”

“साठ, नव्वद म्हणजे काय?”

आदेशने भोवतालच्या मूर्तींकडे हात केला. त्याला ह्यात विचारण्यासारखं काही वाटत नव्हतं. “उंची, दुसरं काय? साठ इंची नको, नव्वद इंची पायजे. गॅरेजचा गणपती बसवत असंल. घरात सांगू नको बोलला, म्हंजे बायकोला चकित करायचं असंल. मी त्याच्या नावाची नव्वदची ठेवलीय पण बाजूला.”

कोपऱ्यात साडेसात फुटी मूर्ती उभी होती, अजून डोळे न लिहिलेली. सुरभी तिच्याकडे बघत राहिली. गॅरेजचं शटर तिने सकाळीच पाहिलं होतं. तिला स्वतःलाच डोकं वाकवून आत जावं लागलं होतं.

परतताना तिने जीप स्वप्नालीच्या दारात थांबवली आणि उंबऱ्यातूनच विचारलं, “तुमच्याकडे गणपती केवढा आणता?”

“वीतभर,” स्वप्नाली म्हणाली. “शाडूचा. सासऱ्यांच्या वडलांपासूनचा नेम हाय, त्याहून मोठा आणायचा नाय. का हो?”

मग सुभाषला नव्वदचं काय हवं होतं?

३

कमळाकरला ते इंजिन विकणारा रमेश गायकर रोह्यात भंगाराचा धंदा करत होता. माणूस गोड बोलणारा. इतका की त्याच्याशी बोलताना सुरभीला आपली पाकिटाची बाजू चाचपावीशी वाटली. वाडीवरची जानी त्याच्याकडे रोजंदारीवर लोखंड निवडायला होती. ती जळणाची मोळी डोक्यावर घेऊन फाटकातून निघतच होती. मोळी पिवळ्या जाड पट्ट्याने आवळलेली होती आणि पट्ट्याचं एक टोक सरळ कापलेलं होतं.

“जाने, मॅडमना पाणी दे,” रमेश म्हणाला.

जानीने मोळी उतरवून बाटली आणून दिली. “आदी हिरीचं व्हतं, बाय,” ती म्हणाली. “लय ग्वाड पानी. शेटनं दिवाळीच्या आदी हीर बुजवली.”

“पडकी होती,” रमेश हसला. “कोणाचं पोर पडलं असतं तर तुम्हीच मला आत टाकलं असतंत.”

सुरभीही हसली. “इंजिन कुठून आलं?”

“मुंबईच्या लिलावातून. जपानी गाडीचं, सहा सिलिंडरचं, व्ही इंजिन. कमळाकरशेठला गिऱ्हाइकाच्या जीपमध्ये बसवायला तसलंच हवं होतं. दुपारी टेम्पोतून पोचवलं. मी होतो तोवरच सुभाषने चेन-पुलीने उचललं, उलटं केलं आणि घोडीवर बसवलं. काय कारागीर माणूस! चपखल बसलं, मॅडम. अंगठीत खडा बसतो तसं. मी म्हटलं, वा! आणि निघालो. तेव्हा कोणाला माहीत, असं होणार म्हणून.”

“चपखल बसलेलं इंजिन पडलं कसं मग?”

“नशीब,” रमेश म्हणाला आणि त्याने डोळ्यांना रुमाल लावला. रुमाल कोरडाच खिशात गेला.

परतीच्या वाटेवर सुरभीने दोघांना मनात ताडून पाहिलं. आदेशची पाचावर धारण बसली होती, पण तो धडधडीत खरं बोलत होता. हा माणूस मजेत होता. तिला दोघांतला जास्त भितो तो नेहमी कमी खोटा वाटायचा. पण वाटण्यावर बेड्या पडत नाहीत. आणि कमळाकरही काहीतरी लपवत होता. संध्याकाळभर पेणला सुट्या भागांच्या दुकानात होतो, असं त्याने सांगितलं होतं, आणि ते दुकान त्या दिवशी बंद होतं.

४

“खरं सांगतो, पण पुतळीला कळू देऊ नका,” कमळाकर म्हणाला. पुतळी त्याची बायको. “दारू सोडली म्हणून तिच्यापुढे शपथ घेतलीय मी. त्या संध्याकाळी ढाब्यावर बसलो होतो. मालकाला विचारा, नाचलो पण म्हणे.”

सुरभीने विचारलं. तो खरोखरच नाचला होता.

म्हणजे खून झाला असेल तर तो ह्याने केला नव्हता. ती गॅरेजमध्ये एका टायरवर बसली आणि तिने त्या इंजिनाकडे बोट केलं. “मला हे व्ही इंजिन म्हणजे काय ते सांगा. मला काही कळत नाही असं समजून सांगा.”

“मला तरी कुठं कळतं? मला गिऱ्हाईक कळतं, इंजिन सुभाषला कळायचं. पण तो सांगायचा ते सांगतो.” कमळाकरने दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली आणि पंजे वर फाकवले. “साध्या गाडीत सिलिंडर एका ओळीत उभे. ह्याच्यात दोन ओळी, तीन ह्या अंगाला, तीन त्या अंगाला. खाली एकाच दांड्याला जोडलेल्या, वर फाकलेल्या. मध्ये जे बेचकं राहतं, तो व्ही. आता बेचकं किती फाकवायचं, ते कंपनी ठरवते. गिऱ्हाइकाला हवी ती जपानी गाडी साठची, म्हणजे...”

“कितीची?”

“साठची. साठ अंश.” त्याने पंजे जवळ आणले. “अशी अरुंद. सहा सिलिंडरला साठ बरं, हादरे कमी. काही जर्मन गाड्या नव्वदच्या असतात, पसरट.” पंजे लांब झाले. “त्यांना हादरे मारायला आत एक जादा दांडा फिरवत ठेवावा लागतो. सुभाष इंजिनाचं नाव घ्यायचाच नाही, नुसतं साठचं, नव्वदचं असंच बोलायचा.”

सुरभी उठून उभी राहिली होती. आदेशच्या कारखान्यात बाजूला ठेवलेली ती आंधळी मूर्ती तिच्या डोळ्यांपुढे आली. बिचारा आदेश! त्याच्या गावात आकडा म्हणजे उंची. मरणाऱ्या माणसाचा शेवटचा निरोप त्याच्या कानावर पडला आणि त्याने त्याची मूर्ती केली.

“हे उचला,” ती म्हणाली. “सरळ करा.”

दोन माणसांनी इंजिन चेन-पुलीला लावलं. तेव्हा कमळाकर इकडेतिकडे बघू लागला. “पट्टा कुठे गेला? इंजिन उचलायचा पिवळा पट्टा कायम इथे हुकालाच असतो.” शेवटी साखळदंड बांधून काम भागवलं. इंजिन सरळ झाल्यावर दोन ओळींमधलं बेचकं उघडं पडलं.

सुरभीने तो गुण्या हातात घेतला. काटकोन, म्हणजे नव्वद अंश. तिने त्याचा कोपरा बेचक्यात सोडला, आणि गुण्याच्या दोन्ही भुजा इंजिनाच्या दोन्ही भिंतींना अशा टेकल्या की मध्ये कागद सरकला नसता. सुभाषने मरायच्या आधी हेच केलं होतं. म्हणून गुण्या त्याच्या हातात होता.

तिने टॉर्च मारला. खाली, गुण्याच्या टोकाजवळ, काळ्या तेलात काहीतरी पिवळं चमकत होतं. हवालदाराने बोळ्याने पुसलं.

पितळेचा बोल्ट.

सुरभीला सोन्याचा दात सापडला होता, आणि ज्याने त्याला ते नाव दिलं होतं तो गोविंदा जिवंत असण्याची आशा त्याच क्षणी संपली होती.

५

दुसऱ्या दिवशी रमेशला गॅरेजवर बोलावलं. आदेश होता, कमळाकर होता, दारापाशी स्वप्नाली उभी होती.

“रमेशशेठ, एक मदत हवी,” सुरभी म्हणाली. “त्या दुपारी इंजिन घोडीवर जसं बसलं होतं तसं आम्हाला बसवून दाखवा.”

“मी? मी काय मेकॅनिक आहे?”

“तुम्ही बघितलंत ना. चपखल बसलं होतं. आमची माणसं धरतील, तुम्ही नुसतं सांगा.”

इंजिन उलटं झालं, हळूहळू घोडीवर उतरलं. आदेशने साठ अंशाची पाठ अगदी मापात केली होती, आणि म्हणूनच ती नव्वदच्या बेचक्याच्या भिंतींना कुठेच टेकेना. दोन्ही अंगांना बोटबोट फट राहिली. साखळदंड जरा सैल केला की इंजिन डावीकडे कलायचं, आवळला की उजवीकडे. रमेशने तीनदा सांगून बघितलं. त्याच्या मानेवरून घाम ओघळू लागला.

“पुरे,” म्हणत सुरभीने इंजिन बाजूला घ्यायला लावलं. “शेठ, एवढंच म्हणाला असतात की मी इंजिन टाकलं आणि निघालो, तर मी आज अपघाताचा कागद भरला असता. पण तुम्हाला जास्त बोलायची सवय. घोडी दिसली, इंजिन दिसलं, तुम्ही दोघांची सोयरीक जुळवलीत. हे इंजिन ह्या घोडीवर कधी बसलंच नाही. त्या सकाळी घोडीला तेलाचा डागही नव्हता. सुभाषने हे साठचं नाही हे ओळखलं होतं, नवीन घोडी लागेल म्हणून फोन केला होता. ज्याला घोडी बसत नाही हे माहीत आहे, तो तिच्यावर इंजिन ठेवून खाली जाईल?”

“सगळी व्ही इंजिनं सारखीच...” रमेश बोलून गेला.

“हीच तुमची चूक. तुम्हाला व्ही म्हणजे व्ही. नंबर घासला की झालं, जर्मन काय आणि जपानी काय. सुभाषला बेचकं बघून शंका आली. गुण्या लावून खात्री करताना त्याला स्वतःच्या हातचा बोल्ट दिसला, आणि त्याने तुम्हाला फोन करून विचारलं, इंजिन कुठून आणलं? तुम्ही परत आलात. मागून डोक्यात घातलंत, तो पडला, आणि तुम्ही वर टांगलेल्या इंजिनाचा पट्टा कापलात. घोडी लाथेने आडवी केलीत. पट्टा मात्र इथे ठेवता येईना, कापलेला दिसला असता. तो तुम्ही तुमच्याच भंगारात फेकलात.”

हवालदाराने पिवळा पट्टा टेबलावर ठेवला. जानीला तो मोळी बांधायला फार आवडला होता. पोलीस मागतात म्हटल्यावर, बदल्यात दोरी द्या, असं तिने बजावलं होतं.

रमेशने पट्ट्याकडे पाहिलं. “असले पट्टे ढीगभर मिळतात.”

“मिळतात. म्हणून सकाळपासून तुमची विहीर उपसतोय आम्ही.”

रमेश आदेशच्या घोडीवरच बसायला गेला आणि तिथून घसरून जमिनीवर बसला. मग तुटक तुटक बोलला. गोविंदा डॉक्टरांच्या गाडीला आरशाची काच शोधत त्याच्याकडे आला होता. संध्याकाळ होती, वखारीत दुसरं कोणी नव्हतं, गाडी लाखमोलाची होती. गाडीचे दोन दिवसांत तुकडे झाले आणि इकडेतिकडे गेले. ओळखू येईल म्हणून इंजिन तेवढं राहिलं होतं. सुभाष गोविंदाचा मेव्हणा आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

स्वप्नाली पुढे आली. सुरभीला वाटलं, ही आता त्याच्या अंगावर धावून जाणार, आणि तिने ठरवलं की आपण जरा उशिराच आवरायचं. पण स्वप्नाली त्याच्यासमोर नुसती उकिडवी बसली.

“दादा ओरडला व्हता?” तिने विचारलं.

रमेशने मान खाली घातली. तिने पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. त्याने ह्या एका प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत दिलं नाही.

बाहेर हवालदाराचा फोन वाजला. तो आत आला तेव्हा त्याने टोपी हातात घेतली होती.

६

जिते स्टेशनापलीकडच्या वस्तीत स्वप्नालीच्या आईचं, कृष्णाबाईचं घर होतं. दार लावलेलं. ते तसं मागच्या दिवाळीपासूनच असतं, असं स्वप्नाली म्हणाली. नवऱ्याला दहन देऊन तीन दिवस झालेली ही बाई आता आईला भावाचं सांगायला आली होती. तिने एकटीने सांगावं असं सुरभीला वाटेना, म्हणून तीही आली होती. दोघी मागच्या दाराने आत गेल्या.

कृष्णाबाई चुलीपाशी बसली होती. खाकी कपडे दिसताच ती उठली आणि भिंतीला टेकली.

“घावला काय?” तिने विचारलं. “मारू नका त्याला. मी गाडीचं भरून देईन, घर इकीन.”

सुरभीने वाटेत शब्द जुळवून ठेवले होते. त्यातला एकही तिला आठवेना. “आई, गोविंदाने गाडी चोरली नव्हती,” ती म्हणाली. “गाडीसाठी त्याला मारलं. दिवाळीच्या आधीच. तो त्याच दिवशी गेला.”

कृष्णाबाई भिंतीपासून पुढे झाली.

“चोर नाय?”

“नाही.”

“कागदावर लिवलंस तसं?”

“लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं.”

“आन् तुला कुणी दावलं?”

“तुमच्या जावयाने. त्याच्या मुठीत गुण्या होता.”

म्हातारीने पदर नीट केला, कडी काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली. इतक्या महिन्यांनी उजेडात आल्यावर तिचे डोळे दिपले, ती चौकट धरून उभी राहिली. समोरच्या ओट्यावर बायका कडधान्य निवडत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले.

“आयका गो!” कृष्णाबाई ओरडली. तिचा आवाज आनंदाने थरथरत होता, आणि तो आनंदच होता, हे सुरभीला ऐकवेना. “शकू, धोंडुबाय, आयका! माजा पोर चोर नाय! मेलाय तो! केव्हाचा मेलाय, चोर नाय!”

ती ‘मेलाय’ म्हणत पायरी उतरली, आणि दुसऱ्या पायरीवर तिला आपण काय म्हणतोय ते ऐकू आलं. ती तिथेच थांबली. धोंडुबाईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि ती धावत रस्ता ओलांडून आली.